मालेगावची ग्वाही

नाशिक रोडच्या घराच्या गच्चीवर निसार सूर्य उगवल्यापासून कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होता. वर सूर्यावरून शुक्र सरकत होता. पुन्हा असा योग यायला एकशे पाच वर्षं लागणार होती, आणि जूनचे ढग काही हटायचं नाव घेत नव्हते.

खुर्चीत बसलेली त्याची आई जैतुनबी म्हणाली, "ईदच्या चाँदाला ढग आले की आपण मालेगावला मुबीनला विचारायचो. आजपण विचार."

"अम्मी, मला फोटो काढायचाय. त्याची ग्वाही घेऊन काय करू?"

मुबीन त्याचा धाकटा भाऊ. अब्बांच्या मयतीच्या दिवशी दोघांचं बिनसलं, तेव्हापासून ईदचा चाँदसुद्धा कुणी कुणाला विचारला नव्हता.

जैतुनबीनं नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"मुबीन... तिकडे शुक्र दिसतोय का रे?"

पलीकडून मुबीनचा आवाज आला.

"दिसतोय ना भाई. आभाळ एकदम साफ आहे. तिळाएवढा काळा ठिपका, हळूहळू पुढे चाललाय. फोन ठेवू नका, मी सांगत राहतो."

त्याच्या आवाजामागे पत्र्यावर धो धो पाऊस वाजत होता.

निसारनं लेन्सला झाकण लावलं आणि तो अम्मीच्या पायाशी बसला.

"हां," तो म्हणाला, "मग? आता कुठपर्यंत आला?"