सतरा नंबरचा पाचशेवा

"माझे गोल किती झाले?" आर्वो लेहतिनेनने स्कोअरच्या खोलीच्या काचेवर काठी आपटली.

आत व्हर्ना बसली होती. तिने कॉम्प्युटरकडे बघितलं, मग आर्वोच्या बाहीवरच्या नव्याकोऱ्या एकाहत्तरच्या आकड्याकडे.

"शून्य."

"शून्य? अगं, गेल्या शनिवारी चारशे नव्व्याण्णव होते! आज पाचशेवा मारणार म्हणून बायको केक घेऊन वर प्रेक्षकांत बसलीय."

"ते सतरा नंबरचे. आणि सतरा आता रेजाँ आहे."

कॅनडातल्या थंडर बेमधले म्हाताऱ्यांचे बर्फावरच्या हॉकीचे दोन संघ याच आठवड्यात एक झाले होते. दोन्हीकडे एकेक सतरा नंबर. चिठ्ठ्या टाकल्या आणि आर्वो हरला. त्याची जर्सी गेली रेजाँला. रेजाँ दातांचा डॉक्टर. तीन वर्षांत त्याने एकही गोल केला नव्हता.

"पण मी मीच आहे ना? त्या डब्याला माणूस कळत नाही?"

"त्याला नंबर कळतो. ही यादी केली तेव्हा तूच संघाचा अध्यक्ष होतास. मी म्हणत होते, प्रत्येकाला आतला एक वेगळा आकडा देऊ, कुणाला न दिसणारा, कधी न बदलणारा. तू काय म्हणालास?"

आर्वो काठीवरची पट्टी खरवडायला लागला.

"म्हणालास, 'माणूस बायको बदलेल, नंबर बदलायचा नाही.'"

"मग आता बदल ना!"

"काय काय बदलू? तुझे गोल, तुझ्या शिक्षा, मोडलेला खांदा, सगळं सतराला बांधलंय. एक जरी सुटलं तरी तुझा खांदा रेजाँच्या गळ्यात." व्हर्नाने चष्मा वर सरकवला. "रकान्यांच्या नावांचंही तेच. 'फॅक्स'च्या रकान्यात सगळ्यांचे रक्तगट आहेत, माहितीय? समितीला ते नाव सुधारायचंय. मी म्हटलं, हात लावू नका. अ‍ॅम्ब्युलन्सचा कागद छापताना मशीन 'फॅक्स'च शोधतं."

"माझे गोल शोध आधी!"

व्हर्ना बटणं दाबायला लागली. तेवढ्यात चालू सामन्यात रेजाँ बर्फावर घसरला. कुणीतरी मारलेली खेळाची रबरी चकती त्याच्या ढुंगणावर आपटली आणि सरळ जाळ्यात गेली.

पंचाने हात दाखवला. आर्वोचे गोल हलवायच्या आधीच, इतक्या वर्षांच्या सवयीने, व्हर्नाचं बोट सतरावर पडलं.

भोंगा वाजला. फलकावर दिवे नाचायला लागले: सतरा नंबर, पाचशे गोल! समोरच्या संघानेसुद्धा मानाने बर्फावर काठ्या ठोकल्या. वर आर्वोच्या बायकोने टाळ्या वाजवल्या, मग थांबून चष्मा शोधला.

रेजाँ कंबर चोळत खिडकीशी आला. "व्हर्ना, आधीचे चारशे नव्व्याण्णव मी कधी मारले?"

"अठ्ठ्याऐंशी सालापासून."

"तेव्हा मला स्केटवर उभंसुद्धा राहता येत नव्हतं!"

"आता कुठे येतंय?" आर्वो म्हणाला.

सामना संपेपर्यंत आर्वोने अकरा फटके मारले. एकही आत गेला नाही. शेवटी मशीनने नेहमीसारखा कामाचा कागद काढला. त्यावर होतं: सरावाच्या चकत्या गोळा करणे, संघातला सर्वांत नवीन खेळाडू, नंबर एकाहत्तर.

"राहू दे रे, मी उचलतो," रेजाँ म्हणाला. "बघवत नाही."

"तू पाचशे गोलांचा माणूस. तू कसा उचलशील?"

आर्वो बादली घेऊन बर्फावर गेला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरत, एकेक चकती वेचत होता. वर केक तसाच होता. शेवटच्या चकतीपाशी तो थांबला. समोर रिकामं जाळं होतं. त्याने मान तिरकी करून अंतर बघितलं आणि काठी फिरवली.

टण्! खांबाला लागून आत.

"व्हर्ना!" तो ओरडला. "एक लिही!"