उजवा रकाना

कातळसड्यावर पोचलो तेव्हा दीपकाडी फुलली होती. गुडघे टेकून मी तिची पांढरी फुलं मोजली आणि वहीच्या डाव्या रकान्यात एकशे बारा लिहिलं. उजवा रकाना माझ्या बायकोचा, कुमुदचा. त्यात नखाएवढ्या बेडकाची नोंद.

सव्वीस पावसाळे आमची हीच पैज होती. कातळावर पाणी साचलं की आधी कोण हजर, माझं फूल की तिचा बेडूक? "तुमचं फूल मुकं," ती म्हणायची. "दिसतं तरी," मी म्हणायचो. गवतातला तो बेडूक मला कधी सापडला नाही, आणि लहानपणी गोवर झाल्यापासून बारीक आवाज मला ऐकूच येत नाहीत. म्हणून डबक्यापलीकडच्या दगडावर बसून ती बेडकाच्या प्रत्येक हाकेला बोट वर करायची आणि मी वहीत रेघ ओढायचो.

कुमुद गेली त्याला आठ महिने झाले. यंदा मी एकटाच डबक्याशी तासभर बसलो. काहीच नाही. शेवटी उजव्या रकान्यात शून्य लिहिलं.

म्हशी घेऊन घरी निघालेली चंद्राबाई जवळ येऊन थांबली. "मास्तर, या बेडकांनी नुसते कान किटवले. तुमी कोनाची वाट बगताव?"

मी शून्य खोडलं. त्या जागी आकडा मात्र लिहिता आला नाही. तासभर मी पाण्याकडे बघतच नव्हतो, त्या दगडाकडे बघत होतो.