शेषरावची मुसळी

शेषराव वनमजूर सकाळपासून बांबूत उभा होता. कान मात्र पायवाटेकडे. आज बाया येणार होत्या. म्हणजे, यायला पाहिजे होत्या.

उन्हाळाभर त्यानं एकट्यानं हा बुटका बांबू विरळ केला. कोवळे कोंब राखले, जुने पेराच्या वर छाटले. बांबू इतका माजला होता की खाली ऊन पोचेना, मुसळी उगवेना. आणि मुसळीची भाजी नाही म्हटल्यावर गावातल्या बाया इकडं कशाला फिरकतील? बनाबाई, त्याची बायको, गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच उरल्या होत्या. रानात तरी माणसाचा आवाज यावा, एवढंच त्याला हवं होतं. पंधरा दिवसांच्या पावसात मुसळी अशी फुटली की पाय ठेवायला जागा नाही. बकऱ्यांनी तोंड घालू नये म्हणून त्यानं भोवती बोरीच्या काट्या लावल्या.

आवाज आले. पुढं पंचफुला, मागं तिघी-चौघी. काट्यांपाशी थबकल्या.

"माय वं, बंद केलं जंगलवाल्यायनं," पंचफुला म्हणाली. "चला वापस."

आतूनच शेषराव ओरडला, "ओ बाई! थांबा!"

खाकी सदरा दिसला मात्र, बाया टोपल्या सावरत पळत सुटल्या. पळतील नाही तर काय! याच आवाजानं त्यानं वीस वर्षं त्यांना डोक्यावरच्या मोळ्या टाकायला लावल्या होत्या.

"तुमच्याचसाठी हाय वं!" असं तो म्हणेपर्यंत वाट रिकामी झाली होती.

मग त्यानं हातानंच काट्या ओढून काढल्या. बोटं रक्ताळली. बसून राहिला. कोणी आलं नाही.

दुपार कलली तशा बकऱ्या आल्या. सरळ आत घुसल्या आणि मुसळीवर तुटून पडल्या. मागून पिकल्या दाढीचा जाकीर काठी उगारत धावत आला.

"माफ करा शेषरावभाऊ! ध्यान नाई राह्यलं. आत्ता हाकलतो."

शेषरावनं त्याची काठी धरली.

"राहू दे बे. खाऊ दे. तू बस."

जाकीर बिचकत बसला. एकदा बकऱ्यांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"काय झालं, भाऊ?"

"काई नाई. बोल काहीतरी," शेषराव म्हणाला. "त्यायचं पोट भरेपर्यंत तरी बोल."