न चाखलेलं कालवण

“चाखून बघा, मावशी,” शेफ थानिन तिसऱ्यांदा म्हणाले.

सायपिननं मान हलवली. “नको शेफ. मला चाखायची सवय नाही.”

पलीकडच्या शेगडीवर कोणीतरी फिसकन हसलं. बँकॉकच्या नदीकाठच्या त्या हॉटेलात जेवायला लोक दोन-दोन महिने आधी टेबल अडवून ठेवत. आणि तिथली कालवणं सांभाळायला आलेली बाई म्हणते, चाखायची सवय नाही!

पण ते खोटं नव्हतं. बावीस वर्षं ती विहारात रांधत होती. तिथली जुनी शिस्त अशी, की भिक्षूंच्या आधी अन्नाला कोणाची जीभ लागायची नाही, रांधणारीचीसुद्धा नाही. वाटण परतताना त्याचा आवाज कधी बसतो, नारळाच्या दुधाला तेल कधी सुटतं, हे तिला कान आणि नाक सांगायचे. बावीस वर्षांत एकाही भिक्षूनं तिच्या हाताला नाव ठेवलं नव्हतं. भिक्षू कशालाच नावं ठेवत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मग विहारानं स्वयंपाकघर बंद केलं, जेवण बाहेरून यायला लागलं, आणि छपन्नाव्या वर्षी सायपिन लेकीच्या घरी पाहुणी होऊन बसली. जावई भला माणूस. ती उठली की म्हणायचा, “आई, तुम्ही बसा हो.” ते बसणंच तिला सोसवेना. ही नोकरी तिला हवी होती, अगदी जिवापासून हवी होती.

पण सकाळपासून तिला इथलं काही उमगतच नव्हतं. भाज्या चिरणाऱ्या नोकनं तिला आल्या आल्याच सांगितलं होतं, “तुम्ही आठव्या बरं का, मावशी. आधीच्या सातजणींना शेफनी त्याच दिवशी घरी पाठवलं. एकीचं कालवण काय सुरेख झालं होतं! शेफ चांगलं म्हणाले, तीही हो म्हणाली, आणि लगेच तिला म्हणाले, या तुम्ही.”

“मग हो नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?”

“ते कोणाला कळतंय! एप्रिलच्या रजेवरून आले तेव्हापासून असंच चाललंय. तुम्ही आपली मान डोलवा. निदान अपमान तरी व्हायचा नाही.”

सायपिननं दुपारभर त्यांच्यावर नजर ठेवली. थानिन प्रत्येक शेगडीपाशी थांबत, चमचाभर तोंडात घालत आणि विचारत, “कसं झालंय?” ज्याला विचारलं तो हात पुसून म्हणे, “तुम्ही म्हणाल तसं, शेफ.” यात कोणाचं काय चुकलं? मोठ्यांच्या आधी आपलं मत द्यायचं नाही, हे घराघरात शिकवतात. तरी दर वेळी थानिनचा चेहरा उतरायचा. त्यांना हवंय तरी काय, हे विचारायची सोय नव्हती.

आता तर ते तिच्याच शेगडीपाशी येऊन थांबले होते. हिरव्या कालवणाला तेल सुटलं होतं. वांगी शिजली होती, तुळस पडली होती. भांडं उतरवून तिनं नामप्लाची बाटली हातात घेतली. खारवलेल्या माशांचं ते पाणी ती नेहमी सगळ्यात शेवटी घालायची, आणि इथल्या कालवणाला मीठ म्हणून असतं ते तेवढंच. तिनं बाटलीच्या झाकणाला हात लावला, तेवढ्यात थानिननी चमचा बुडवलासुद्धा.

त्यांनी डोळे मिटले.

“वा,” ते म्हणाले. “मीठ अगदी नेमकं पडलंय.”

बाकीच्यांनीही चमचे बुडवले. “अगदी नेमकं, शेफ!” नोकही म्हणाली. तिच्या तोंडातली अळणी चव तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

सायपिननं बाटलीकडे पाहिलं. झाकणाचं सीलसुद्धा तुटलं नव्हतं. ती पार गोंधळली. ही थट्टा म्हणायची की परीक्षा? खरं बोलावं, तर सगळ्यांदेखत एवढ्या मोठ्या शेफना खोटं पाडल्यासारखं होणार, आणि नोकरी गेली. मान डोलवावी, तर आधीच्या सातजणींनी तेच केलं होतं. तिनं थानिनकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते. त्या नजरेत साहेबी नव्हती. दवाखान्यात डॉक्टर काय सांगतात म्हणून माणूस बघतो, तसे ते बघत होते.

तिला एकाएकी त्यांची दया आली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं चमचा उचलला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातचं शेगडीपाशी उभी राहून चाखलं.

“शेफ,” ती म्हणाली, “यात मीठच नाही.”

नोकच्या हातातला चमचा खाली पडला. थानिननी सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि शेवटचा माणूस दाराबाहेर जाईपर्यंत थांबले. सायपिन कमरेचा एप्रन सोडायला लागली.

“राहू दे तो,” ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. “आता सांगा मावशी, तिखट किती आहे? आणि गोड? एप्रिलच्या तापापासून माझ्या जिभेला काही म्हणता काही कळत नाही. आणि चार महिने झाले, मला सगळे नुसते हो म्हणतायत.”