काय दिसतं, सूनबाई?

“काय दिसतं, सूनबाई?”

सासऱ्यांनी फिल्टर पुढे केला आणि सून ताठ बसली. रोज बसायची, तशीच. फिल्टर म्हणजे अंगठ्याएवढी काळपट हिरवी काच. ती डोळ्याला लावायची आणि दिव्याखालच्या खड्याकडे बघायचं. पाचू असला तर बहुधा लालसर दिसतो, साधी काच हिरवीच राहते. एवढंच तर काम. पण समोर सासरे बसले की तिला स्वतःचं नाव आठवायलाही वेळ लागे.

सासरे रत्नपारखी. खडा आला की आधी भिंगातून बघत, मग फिल्टर स्वतःच्या डोळ्याला लावत. चांगला वेळ घेत. चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. मग फिल्टर तिच्या हातात देऊन विचारत, काय दिसतं? ती सांगे. त्यावर बरोबर नाही, चूक नाही, नुसतं “हं.” तो हं घेऊन ती घरी जाई आणि नवऱ्यापुढे त्याची चिरफाड करी.

“आजचा हं जरा लांबला होता रे.”

“अगं, बाबांचा हं आहे तो, हवामानाचा अंदाज नव्हे,” नवरा म्हणे आणि कूस बदलून घोरायला लागे.

सासूबाई होत्या तेव्हाही हीच रीत होती. त्या शेजारी विणत बसत. सासरे आधी स्वतः बघत, मग फिल्टर त्यांच्याकडे देत. बायकोला एवढा मान देणारा माणूस म्हणून बाजारात त्यांचं कौतुक होतं. सासूबाई गेल्या आणि म्हाताऱ्याची घडीच विस्कटली. भाजी आणायला गेले तर कच्चे टोमॅटो घेऊन यायचे. घरातले म्हणत, दुःख आहे, चालायचंच. मग एके दिवशी त्यांनीच सुनेला विचारलं, “दुकानात येत जाशील का? एकट्याला काही सुचत नाही.”

ती हातची नोकरी सोडून आली. काम तर तिला असं आवडलं की खडे स्वप्नात येऊ लागले. सासऱ्यांवरही तिचा जीव होता. म्हणूनच या रोजच्या परीक्षेनं ती मेटाकुटीला आली होती. परक्यानं नापास केलं तर माणूस दोन शिव्या देऊन मोकळा होतो, आपल्या माणसाचं काय करायचं? आज चुकलं तर उद्यापासून यायचं नाही, असं ती सकाळीच ठरवून आली होती.

समोर एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या आईची अंगठी होती, लेकीला द्यायची होती. “खरा असो, खोटा असो, मला तिला खरं सांगून द्यायचंय,” त्या म्हणाल्या होत्या. खडा ओरखड्यांनी भरलेला, मागून बंद कोंदणात बसवलेला. भिंगातून धड काही कळत नव्हतं.

तिनं फिल्टर डोळ्याला लावला.

“हिरवा.”

“नीट बघ.”

नीट बघ असं ते कधीच म्हणाले नव्हते. त्यांनी स्वतः आत्ताच बघितलं होतं. म्हणजे आपलं चुकलं. तिनं पुन्हा बघितलं. खडा पानासारखा हिरवा. पण सासऱ्यांची नजर कधी चुकलीय?

“लाल... लालसर आहे, बाबा.”

“हं.” ते बाईंकडे वळले. “पाचू आहे. जपून ठेवा.”

बाईंचे डोळे भरून आले. त्या अंगठी रुमालात गुंडाळू लागल्या. सून त्या रुमालाकडे बघत राहिली. आपली नजर अधू असेल एक वेळ, पण ही बाई आता लेकीला काय सांगणार?

“थांबा!” ती उभीच राहिली. “मला तो हिरवाच दिसला. मी घाबरून लाल म्हटलं.”

सासऱ्यांनी हात पुढे करून अंगठी परत घेतली. ती पुसली, दिव्याखाली आडवी धरली आणि भिंग लावून कडेकडेनं बघत राहिले.

“बुडबुडा आहे,” ते शेवटी म्हणाले. “ओरखड्याखाली लपला होता. काच आहे, बाई. मघाशी मी चुकलो. माफ करा.”

बाई हसल्या. “काच तर काच. आईनं जन्मभर मिरवली हो!” त्यांनी अंगठी बोटात चढवली आणि सुनेच्या पाठीवर हात फिरवून त्या निघून गेल्या.

आता मात्र सुनेला रडू आवरेना. “बाबा, मी उद्यापासून येत नाही. तुम्ही रोज परीक्षा घेता आणि मी रोज नापास होते. आज तर गिऱ्हाइकासमोर तुमची मान खाली गेली.”

“परीक्षा?” सासरे बघतच राहिले. त्यांनी चष्मा काढला, कान खाजवला. मग उठून दार नीट लागलंय का बघून आले आणि खोडी करताना पकडलेल्या पोरासारखे तिच्याजवळ येऊन बसले.

“वेडी आहेस का गं? बाईंच्या आईची वस्तू, म्हणून नीट बघ म्हटलं. परीक्षा घ्यायची तर आधी उत्तर आपल्याला यावं लागतं,” ते हळूच म्हणाले. “लाल आणि हिरवं मला जन्मापासून एकसारखंच दिसतं. आजवर हे फक्त तुझ्या सासूबाईंना ठाऊक होतं.”