अक्षरांची रांग

लातूरच्या एका क्लाससाठी मोहसीन पोरांची क्रमवारी लावणारा प्रोग्राम लिहून राहिला होता. कुठल्याही दोघांची तुलना करून वर कोण अन् खाली कोण, हे तो प्रोग्राम सांगायचा. फक्त तुलना अंकांची करायची की अक्षरांची, एवढं आधी ठरवून द्यावं लागायचं. मोहसीननं अंक ठरवले, म्हणजे मार्क.

“अन् दोघांना सारखेच मार्क पडले तर?” क्लासचे मालक सिद्धराम सर म्हणाले. “पहिल्या बॅचला साठच खुर्च्या हायत. बरोबरी मला चालायची न्हाई.”

मोहसीन हसला. “मग तिथं नावाची अक्षरं लावू, सर. अ वाले आधी, ह वाले शेवटी. कुणाची तक्रारच राहणार न्हाई.”

रविवारी टेस्ट झाली, सोमवारी यादी भिंतीवर लागली. मोहसीनच्या जुळ्या पोरींना अगदी सारखे मार्क होते. अलीझा साठावी आली, नाजिया एकसष्टावी.

मोहसीन धावतच सरांकडे गेला.

“नियम तुमचाच हाय,” सर शांतपणे म्हणाले. “पाहिजे तर उलटा लावा. मग अलीझा बाहेर.”

तो तसाच घरी आला. अलीझा पहिल्या बॅचच्या नव्या नोट्स ओढणीखाली लपवून बसली होती. नाजियानं त्याला पाणी आणून दिलं, अन् न रागावता, अगदी सहज विचारलं,


“अब्बा, माझं नाव कुणी ठिवलं होतं?”