डोंगर तुमचाच

"डोंगर त्यांचाच आहे," वरच्या गावचा मुखिया, अरबाब सब्झअली, म्हणाला, आणि मागे बसलेल्या त्याच्याच गावाला ठसका लागला.

काबूलहून आलेल्या इंजिनीअरने कागदावरून मान वर केली. चाळीस वर्षं याच डोंगरासाठी वरचं गाव आणि खालचं गाव एकमेकांवर गोळ्या झाडत होती. सब्झअलीचा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांपूर्वी त्यातच गेला होता. आणि काल इंजिनीअरच्या हातोडीखाली त्या डोंगरातून सोनं निघालं होतं.

सब्झअलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो उठला, बसला, पुन्हा उठला. खिंडीपलीकडच्या गावात असंच सोनं सापडलं होतं. आधी एका कमांडरची माणसं आली, मग त्यांना हुसकायला दुसऱ्याची. आता गाव तंबूत राहत होतं आणि दोन्ही कमांडर एकमेकांचे व्याही झाले होते.

"म्हणजे डोंगर तुमचा?" इंजिनीअरने खालच्या गावच्या अरबाब मुरादला विचारलं.

"तोबा, तोबा! आमच्या बापजाद्यांनी तिकडे शेळीसुद्धा चारली नाही, साहेब."

"खोटारडा!" सब्झअली उसळला. "माझ्या भावाला तिथेच गोळी घातलीस ना? डोंगर तुझा नव्हता, तर मारलंस कशाला?"

मुरादने दाढी खाजवली.

"चुकलं माझं, बिरादर," तो म्हणाला. "डोंगर तुझाच होता."

हे वाक्य ऐकायला सब्झअली एकोणीस वर्षं थांबला होता. आता ते मनापासून आलं की सोन्याच्या धास्तीनं, हे त्याला कळेना. विचारायची सोयही नव्हती.

इंजिनीअरने 'मालक' या रकान्यात 'तंटा चालू' असं लिहिलं. "तंटा चालू असेपर्यंत खाण देता येत नाही," तो वैतागून म्हणाला. "मिटला, की मी परत येईनच."

त्याची गाडी वळणाआड गेली. दोघं अरबाब धुळीकडे बघत उभे राहिले.

"शुक्रवारी नमाज झाली, की डोंगरावर ये," सब्झअली म्हणाला. "बंदुका आण, माणसं आण."

मुरादचा चेहरा उतरला. "अजून राग गेला नाही तुझा?"

"नाही. पण नेम आभाळावर धरायचा. दर शुक्रवारी. काबूलपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मुरादने विचार केला. "आणि मध्येच कोणी समेट घडवायला आला तर?"

"त्याच्यावर मात्र," सब्झअली म्हणाला, "नीट नेम धर."